पिसातला पारा कोणत्या दिवसांचा आणि कोणत्या पाण्याचा?

खारेवारे

मोकळ्या समुद्रात लिटरमागे साधारण ०.२ नॅनोग्रॅम पारा असतो. नमुन्याच्या बाटलीला किंवा डेकवरच्या धुळीला याहून जास्त पारा चिकटलेला असू शकतो. शिवाय हाती आलेला आकडा त्या दिवसापुरता, त्या खोलीपुरता. आता दुसरं टोक बघा. अन्नसाखळीत वर बसलेल्या समुद्रपक्ष्याच्या पिसात ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅम पारा सहज मिळतो. वजनाला वजन लावलं तर ही वाढ अडीच कोटी पट होते. जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा (सजीवांत साठणारं विषारी कार्बनी रूप) करतात, तो प्लवकात शिरतो आणि माशामाशांतून वर चढत पक्ष्यापर्यंत पोचतो.

पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. त्याच्या १९व्या कलमात सजीवांमधल्या पाऱ्यावर देखरेख ठेवण्याबद्दल लिहिताना मासे, सागरी सस्तन प्राणी आणि समुद्री कासवांबरोबर पक्ष्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पक्षी वापरायचे की नाही हा प्रश्न आता मागे पडला. कोणत्या जातीचे, शरीराचा कोणता भाग घ्यायचा, आणि आलेला आकडा नेमका कशाबद्दल बोलतो, यावर इथे नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा. ज्यांनी पिसं धुतली आहेत, अंडी मोजली आहेत त्यांनी बारकाव्यांसकट लिहावं.

सुरय

सुरुवात काळापासून करू या, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

रक्त गेल्या काही आठवड्यांतल्या खाण्याबद्दल सांगतं. विणीच्या काळात पक्षी वसाहतीला बांधलेला असतो, म्हणून तेव्हाचं रक्त म्हणजे वसाहतीच्या आसपासचा समुद्र. अंडं मादीच्या अंडी घालण्याआधीच्या दिवसांबद्दल सांगतं. मात्र काही जाती दूरवर साठवलेल्या चरबी-प्रथिनांवर अंडं बनवतात, तिथे हिशोब बदलतो.

पिसाचं गणित याहून निराळं आहे. वाढत्या पिसाला रक्तपुरवठा असतो आणि रक्तातला मिथाइल पारा केराटिनमधल्या (पीस ज्याचं बनतं त्या प्रथिनातल्या) गंधकाला घट्ट धरून बसतो. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा तुटतो आणि नोंद बंद होते. पण त्या वाढीच्या दिवसांत पिसात जाणारा पारा त्याच दिवसांत खाल्लेला नसतो. मागच्या पीसझडीपासून (जुनी पिसं गळून नवी येण्यापासून) शरीरात साठत आलेला पारा पक्षी पिसांत रिकामा करतो. म्हणून पिसातला आकडा म्हणजे दोन पीसझडींमधल्या सगळ्या काळाची बेरीज. शरीरातल्या एकूण पाऱ्यापैकी ७० ते ९० टक्क्यांहून अधिक पिसाऱ्यात गेलेला काही जातींत मोजला गेला आहे.

निळीखाडी

यकृताचं काय? किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले पक्षी मिळतात. त्यांचं यकृत तपासणं सोपं वाटतं.

रसायनशाळा

यकृत नक्की ठेवा, पण देखरेखीचा मुख्य आकडा म्हणून वापरू नका. अल्बट्रॉस आणि पेट्रेल या खुल्या समुद्रावरच्या पक्ष्यांच्या यकृतात मिथाइल पाऱ्याचे विघटन होते. सुटलेला पारा सेलेनियमशी जोडला जातो आणि मर्क्युरी सेलेनाइडचे न विरघळणारे कण वर्षानुवर्षे साठत राहतात. एकूण पारा मोजला तर म्हाताऱ्या पक्ष्याचा आकडा प्रचंड येतो. त्यातला मोठा भाग निष्क्रिय असतो आणि समुद्राच्या आजच्या अवस्थेशी त्याचा संबंध नसतो. यकृत मोजायचेच असेल तर एकूण पारा, मिथाइल पारा आणि सेलेनियम तिन्ही मोजा.

दुसरी अडचण अशी की, उपाशी राहून मेलेल्या पक्ष्याचे स्नायू आटलेले असतात आणि पारा उरलेल्या उतींत दाटतो. वाहून आलेले पक्षी बहुधा असेच असतात.

खारेवारे

आता पिसांबद्दल सविस्तर, कारण सर्वात स्वस्त, साठवायला सोपा आणि पक्ष्याला कमीत कमी त्रास देणारा नमुना तोच. फसवतोही तोच.

पंखाची मोठी उड्डाणपिसं बहुतेक कुरव, सुरय आणि पेट्रेलांत आतून बाहेर, क्रमाने बदलतात. पहिलं पीस उगवतं तेव्हा शरीरात पाऱ्याचा साठा भरपूर असतो. दहावं उगवेपर्यंत तो उपसला गेलेला असतो. त्यामुळे एकाच पक्ष्याच्या एकाच पंखात पहिल्या पिसात जास्त आणि पुढे पुढे कमी असा उतार दिसतो. एका वर्षी पहिलं पीस आणि दुसऱ्या वर्षी आठवं तपासलं तर समुद्रात काहीही न बदलता तुमच्या आलेखात मोठी घट दिसेल. शिवाय उड्डाणपीस उपटणं म्हणजे उडण्यात अडथळा. जिवंत पक्ष्याचं उड्डाणपीस उपटू नका.

अंगावरची पिसं घ्या. पाठीवरची किंवा छातीवरची, पण जागा एकदा ठरली की दरवर्षी तीच. एका पक्ष्याची ४ ते ६ पिसं. ती वेगवेगळ्या दिवशी उगवलेली असतात, म्हणून एकाच पिसावर विसंबलं तर फरक पक्ष्यांमधला आहे की पिसांमधला हे कळत नाही.

पेंग्विन या बाबतीत फार सोयीचे. वर्षातून एकदा, जमिनीवर उपाशी राहून, सगळी पिसं एकदम बदलतात, त्यामुळे पिसापिसांतला फरक कमी आणि कालावधी जवळपास नेमका एक वर्ष. याउलट मोठे अल्बट्रॉस सगळी उड्डाणपिसं एका वर्षात बदलत नाहीत. त्यांचं एक पीस किती काळाची बेरीज आहे हे सांगायला त्या जातीची पीसझड पक्की माहीत असावी लागते.

कधी कधी पीसझडच मदतीला येते. लिटल ऑक हा आर्क्टिकमधला छोटा पक्षी वर्षातून दोनदा पिसं बदलतो. विणीनंतर सगळी, आणि पुढच्या विणीआधी फक्त डोकं-मान-गळ्यावरची. म्हणून डोक्यावरचं पीस हिवाळ्याबद्दल सांगतं आणि अंगावरचं पीस उन्हाळ्याबद्दल. पूर्व ग्रीनलंडमधल्या पक्ष्यांत डोक्यावरच्या पिसांत पारा बराच जास्त निघाला, म्हणजे भार आर्क्टिकबाहेरच्या हिवाळी पाण्यातून येत होता. वसाहतीजवळचं पाणी कितीही तपासलं असतं तरी हे कळलं नसतं.

अंकगणित

वरच्या मुद्द्याला जोडून एक: सांख्यिकीत एकक पक्षी आहे, पीस नव्हे. २० पक्ष्यांची १०० पिसं म्हणजे नमुना २०च. हे विसरल्याने 'अत्यंत लक्षणीय' म्हणून छापले गेलेले फरक दुसऱ्या वर्षी नाहीसे होतात. आकडे एका बाजूला लांबलेले असतात, म्हणून लॉगरिदम घेऊन भूमितीय सरासरी काढा.

पिसारा

गोळा करताना पाळायच्या गोष्टी लिहिते.

नायट्राइल हातमोजे, पक्ष्यागणिक बदलायचे. पीस बोटांनी किंवा स्टीलच्या चिमट्याने मुळाशी धरून वाढीच्या दिशेने एका झटक्यात. कात्रीने कापलं तर मुळाची नळी राहते आणि पुढच्या पीसझडीपर्यंत तिथे नवं पीस येत नाही. उपटलं तर बहुधा येतं, पण ते अवेळी वाढलेलं पीस असतं. पुढच्या वर्षी त्याच पक्ष्याकडून नमुना घ्यायचा तर दुसऱ्या बाजूने घ्या. रक्ताने भरलेली नळी असलेलं अर्धवट पीस घेऊ नका, त्याची नोंद अजून पूर्ण झालेली नसते.

कागदी पाकीट. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि बुरशी धरते. पाकिटावर पेन्सिलने: जात, पायातल्या कडीचा क्रमांक, तारीख, वसाहत, अंगावरची जागा, वय (प्रौढ की पिल्लू), लिंग माहीत असल्यास. पेनाची शाई दमट हवेत पसरते.

रक्त घ्यायचं असेल तर पंखाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून, आणि एकूण रक्त पक्ष्याच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आत. ४० ग्रॅमच्या वादळी पेट्रेलला हे ०.४ मिलिलिटर होतं, पण विश्लेषणाला ०.०५ मिलिलिटरही पुरतं, मग जास्त का घ्यायचं? हेपॅरिन लावलेली केशनळी वापरा, नाहीतर गुठळी होते आणि तांबड्या पेशी वेगळ्या करता येत नाहीत. मिथाइल पारा जवळजवळ सगळा तांबड्या पेशींत असतो. फिरवून पेशी वेगळ्या केल्या की नाही, हे नोंदीत लिहाच. पूर्ण रक्त आणि तांबड्या पेशी यांचे आकडे एका तक्त्यात मिसळलेले पाहिले की सगळी मेहनत वाया गेल्यासारखं वाटतं.

निळीखाडी

रक्त गोठवायची सोय नसेल तर ७० टक्के इथेनॉल चालतं का?

रसायनशाळा

चालते, पण मग ओल्या वजनावर आकडा देता येत नाही. इथेनॉल उडवून, पूर्ण सुकवून, कोरड्या वजनावरच द्या. आणि त्याच बाटलीतल्या इथेनॉलची कोरी चाचणी (नमुना न घालता केलेली मोजणी) घ्या.

धुण्याची आणि मोजण्याची पद्धत देतो.

पिसे काचेच्या भांड्यात, २ भाग क्लोरोफॉर्म आणि १ भाग मिथेनॉल. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ३ मिनिटे. मग मिथेनॉलने दोनदा खळबळून घ्या. ४५ अंश सेल्सिअसवर ४८ तास सुकवा. हे काम वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच (फ्यूम हूड), आणि पॉलिस्टायरीनच्या नळ्यांत मुळीच नको, क्लोरोफॉर्म त्या विरघळवतो. धुण्याचा हेतू मीठ, धूळ आणि पक्षी चोचीने पिसांना लावतो ते शेपटीच्या ग्रंथीतले तेल काढणे हा आहे. केराटिनला बांधलेला पारा याने निघत नाही.

मग स्टीलच्या कात्रीने भुगा होईपर्यंत कातरायचे. एका पक्ष्याची सगळी पिसे एकत्र करून मिसळा. इथे आळस केला तर पिसाच्या दांड्याचे तुकडे एका मोजणीत आणि तंतू दुसरीत जातात आणि दोन मोजण्या जुळत नाहीत.

यंत्र म्हणजे थेट पारा विश्लेषक. नमुना ऑक्सिजनमध्ये जाळला जातो, पारा सोन्यावर पकडला जातो, मग एकदम तापवून सोडला जातो आणि २५३.७ नॅनोमीटरवर शोषण मोजले जाते. आम्लात विरघळवण्याची गरज नाही. १ मिलिग्रॅम पीस आणि ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम म्हणजे यंत्रात गेलेला पारा १० नॅनोग्रॅम. हा हिशोब आधी करा आणि मग वजन ठरवा. अल्बट्रॉसचे ५ मिलिग्रॅम टाकले तर १०० नॅनोग्रॅमच्या वर जाल आणि मापनरेषेचा (यंत्राचा आकडा पाऱ्यात बदलणाऱ्या आलेखाचा) दुसरा टप्पा वापरावा लागेल.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. पिसाचा भुगा स्थिर विजेने वजनाच्या बोटीतून (नमुना ठेवायच्या छोट्या पात्रातून) उडतो आणि आकडा कमी येतो. भुगा चिमट्याने दाबून बसवा आणि ते पात्र यंत्रात ठेवण्याआधी पुन्हा वजन करा. जास्त पाऱ्याच्या नमुन्यानंतर यंत्रात त्याचा अंश उरतो. पुढच्या कमी पाऱ्याच्या नमुन्याआधी रिकाम्या बोटी चालवा, आकडा खाली बसेपर्यंत. केराटिनमधल्या गंधकाने उत्प्रेरक नळी हळूहळू निकामी होते, म्हणून दर १० नमुन्यांनंतर संदर्भ नमुना, म्हणजे ज्यातला पारा आधीच प्रमाणित केलेला आहे असा.

संदर्भ नमुना कोणता, यावर माझा आग्रह आहे. डॉर्म-४ हे मासळीचे प्रथिन, त्यात ग्रॅममागे साधारण ०.४१ मायक्रोग्रॅम. तेवढ्यावर १५ मायक्रोग्रॅमच्या पिसांची खात्री देता येत नाही. मानवी केसही केराटिनच. आयएईए-०८५ या केसांच्या नमुन्यात साधारण २३ मायक्रोग्रॅम आहेत. एक खालचा आणि एक वरचा, दोन्ही ठेवा. प्रमाणित किमतीच्या ९० ते ११० टक्क्यांत न बसलेला दिवस पूर्ण बाद करा.

अंकगणित

संहतीबद्दल (ग्रॅममागे किती पारा) एक शंका मांडतो. पिसाचे दर मिलिमीटरचे वजन टोकापासून मुळापर्यंत सारखे नसते. पारा पिसाच्या वाढीच्या वेळेनुसार जमा होत असेल, तर बारीक टोकाला प्रति ग्रॅम आकडा उगाच फुगतो. एकच पीस तुकडे करून तपासणाऱ्यांनी प्रति मिलिमीटर किती, हेही काढावे. पूर्ण पिसे एकत्र कातरणाऱ्यांना ही अडचण फारशी नाही.

सुरय

बरोबर. पूर्ण पिसांवर काम करायला हेही एक कारण.

पिसारा

संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांवरून शतकभराचा कल काढता येतो ना?

रसायनशाळा

येतो, पण एकूण पारा मोजून नाही. जुन्या काळी कातडी किडीपासून वाचवायला मर्क्युरिक क्लोराइड चोळत. तो अकार्बनी पारा पिसांवर बसलेला असतो आणि धुऊन पूर्ण जात नाही. पक्ष्याने पिसात घातलेला पारा मात्र जवळजवळ सगळा मिथाइल असतो. म्हणून जुन्या नमुन्यात फक्त मिथाइल पारा वेगळा काढून मोजायचा. कॅनडातल्या आर्क्टिकमधल्या आयव्हरी गल या कुरवाच्या १८७७ ते २००७ या काळातल्या पिसांत याच मार्गाने ४५ पट वाढ दिसली, आणि समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) आहार बदलल्याचे दिसले नाही. पॅसिफिकमधल्या काळ्या पायांच्या अल्बट्रॉसच्या साधारण १२० वर्षांच्या पिसांतही मिथाइल पारा वाढलेलाच आहे.

निळीखाडी

'आहार बदलला नाही' हे तपासणं हाच या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून त्यावर लिहितो.

पक्ष्यातला पारा वाढला म्हणजे समुद्रातला वाढला असं नाही. पक्षी एक पायरी वरचं खायला लागला तरी वाढतो. नायट्रोजन-१५ दर पायरीला साधारण ३ ते ५ सहस्रांश वाढतो, कार्बन-१३ किनाऱ्याजवळचं आणि दूरचं पाणी, तसंच अक्षांश यांतला फरक दाखवतो. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या मर पक्ष्यांच्या अंड्यांत आहाराची दुरुस्ती लावल्यावर पाऱ्याचा कल कच्च्या आकड्यांपेक्षा वेगळा निघाला, कारण दरम्यान तिथे त्यांच्या खाण्यात आर्क्टिक कॉड या माशाची जागा कॅपेलिन हा मासा घेत होता.

पायरी हे एकच कारण नसतं. अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांच्या पाण्यात बुल्वर्स पेट्रेल हा लहान पक्षी मोठ्या कोरीज शिअरवॉटरपेक्षा जास्त पारा बाळगतो. तो रात्री वर येणारे खोल पाण्यातले मासे खातो, आणि मिथाइल पारा कमी ऑक्सिजनच्या त्या मधल्या थरात जास्त बनतो. म्हणजे मधल्या थरावर लक्ष ठेवायचं तर खोलातलं खाणारी जात हवी, पृष्ठभागासाठी सुरय किंवा कुरव. एकच 'आदर्श' जात शोधत बसू नका, दोन तरी घ्या.

आता धोका. पिसातला नायट्रोजन-१५ पीस वाढतानाच्या आठवड्यांचा असतो, आणि पारा, सुरयने लिहिलं तसा, महिनोन्‌महिन्यांचा. दोन्ही एकाच पिसातून मोजून त्यांचा आलेख काढला तर वेगवेगळ्या काळांची तुलना होते. रक्तात दोन्हींचा काळ जवळपास जुळतो. म्हणून आहाराची दुरुस्ती प्रौढांच्या पिसांवर लावताना जपून. पिल्लांच्या पिसांना ही अडचण जवळजवळ नाही.

खारेवारे

पिल्लांबद्दल सहमत. उडण्याच्या बेतात आलेल्या पिल्लाची अंगावरची पिसं वसाहतीत, आईबापांनी जवळून आणलेल्या अन्नावर, माहीत असलेल्या आठवड्यांत वाढलेली असतात. आकडा प्रौढांपेक्षा कमी येतो, पण जागा आणि वेळ दोन्ही पक्के. एक सावधगिरी: याच काळात पिल्लाचं रक्त तपासलं तर पारा फसवा कमी दिसतो, कारण वाढती पिसं तो ओढून घेत असतात. पिसं पूर्ण झाली की रक्तातला पारा वर चढतो. आणि जन्मतःची लव वेगळी ठेवा. तिच्यातला पारा अंड्यातून, म्हणजे आईकडून आलेला असतो.

सुरय

अंड्यांचं राहिलं. सलग मालिका सर्वात लांब इथेच आहेत. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या प्रिन्स लिओपोल्ड बेटावर १९७५ पासून मर, फुलमार आणि किटिवेक यांची अंडी तपासली जातात. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरच्या वॉडन समुद्रात कॉमन टर्न आणि ऑइस्टरकॅचर यांची, जागेमागे १० अंडी.

घरट्यातलं एकच अंडं घ्या आणि क्रम लिहा. सुरय-कुरवांत पहिल्या अंड्यात पारा जास्त, पुढच्यांत कमी. अंडं ताजं हवं. पाण्यात सोडून बघा: ताजं तळाशी आडवं राहतं, उबवलेलं टोकावर उभं राहतं आणि पुढे तरंगतं. उबवताना पाणी उडत जातं आणि ओल्या वजनावरचा आकडा फुगतो. दुरुस्तीसाठी लांबी आणि सर्वात जास्त रुंदी सरकमापीने मोजा. घनफळ म्हणजे ०.५१ गुणिले लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, सेंटिमीटरमध्ये. ६ सेंटिमीटर लांब आणि ४ रुंद अंड्याचं ते साधारण ४९ घन सेंटिमीटर येतं. त्यावरून ताजं वजन काढून आकडा खाली आणा, किंवा सरळ कोरड्या वजनावर द्या. पारा मुख्यतः पांढऱ्यात असतो, म्हणून पिवळं-पांढरं नीट एकजीव केल्याशिवाय तुकडा काढू नका.

अंकगणित

धोक्याच्या पातळ्या कोणी लिहील का? पिसाला ५ मायक्रोग्रॅम हा आकडा सगळीकडे फिरतो.

रसायनशाळा

पिसात ५ ही प्रजननावर परिणाम सुरू होण्याची जुनी, ढोबळ रेषा आहे. बरेच अल्बट्रॉस ती सहज ओलांडतात आणि तरी प्रजनन करतात, म्हणून सर्व जातींना ती एकसारखी लावू नये. रक्तासाठी पूर्ण रक्त, ओले वजन, ग्रॅममागे ०.२ मायक्रोग्रॅमच्या खाली परिणाम अपेक्षित नाही, १ च्या वर मध्यम धोका, ३ च्या वर मोठा. तुमचा आकडा कोरड्या वजनावर असेल तर आधी बदला. पूर्ण रक्तात साधारण ७९ टक्के पाणी असते, म्हणून ०.२१ ने गुणा. कोरड्या वजनाचे २ म्हणजे ओल्याचे ०.४२. हे न करता थेट तुलना केली की निरोगी वसाहत धोक्यात दिसते.

निळीखाडी

पाऱ्याच्या स्वतःच्या समस्थानिकांचा उल्लेख हवा. सूर्यप्रकाशात मिथाइल पारा तुटताना पारा-१९९ चं प्रमाण एका खास पद्धतीने बदलतं आणि ती खूण अन्नसाखळीत तशीच वर जाते. अलास्काच्या मर पक्ष्यांच्या अंड्यांत समुद्री बर्फ जास्त तिथे ही खूण कमी दिसली, कारण बर्फाखाली प्रकाश पोचत नाही. खर्चिक काम आहे आणि नमुनाही जास्त लागतो, पण पारा कुठून आला हे सांगणारं दुसरं साधन आज जवळ नाही.

पिसारा

एच५एन१ हा बर्ड फ्लू पसरल्यापासून वसाहतीत जाण्याचे नियमही बदलावे लागले आहेत. आजारी किंवा मेलेले पक्षी दिसले तर त्या दिवशी नमुने नकोत. दोन वसाहतींमध्ये बूट, दोऱ्या, मोजपट्ट्या निर्जंतुक करा, पण पिसांच्या चिमट्याला क्लोरीनचं द्रावण लावलंत तर तो स्वच्छ पाण्याने आणि इथेनॉलने पुसूनच वापरा.

खारेवारे

वसाहतीत एकदाच जायचं तर एका पक्ष्याकडून काय काय घ्यावं?

पिसारा

पाठीवरची ६ पिसं आणि केशनळीभर रक्त. ४ पिसं आत्ता मोजा आणि २ त्याच पाकिटात न धुता, कोरड्या अंधाऱ्या पेटीत कायमची ठेवा. पारा पिसात दशकानुदशकं टिकतो. रक्त सुकवून अर्धं पाऱ्याला, अर्धं नायट्रोजन-कार्बनला. पाकिटावर 'न धुतलेलं' असं लिहायला विसरू नका. ते नसेल तर पुढे पेटी उघडणारा पिसं धुतलेलीच समजून तशीच मोजतो.